गोटीनं दिलेली माफी

कानाची यंत्रं बसवणाऱ्या त्या बाईला लहानथोर सगळे ताईच म्हणायचे. वय बावन्न. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. एक तपासणीची, जाड दाराची, भिंतींना राखाडी स्पंज लावलेली. दुसरी यंत्रं बसवायची, तिथं टेबल, संगणक आणि भिंग लावलेला दिवा. येणारी माणसं बहुतेक म्हातारी, आणि त्यांची तक्रार एकच. आम्हाला व्यवस्थित ऐकू येतं, घरातलेच हल्ली पुटपुटतात. ताई म्हणायची, "खरंय, सगळं जग पुटपुटायला लागलंय. चला, किती पुटपुटतंय ते मोजू." मग म्हातारा हसायचा आणि निमूट आत जाऊन बसायचा.

तिला स्वतःला डाव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं. ते पेशंटना कळायचंही नाही, कारण ती खुर्च्या अशा मांडायची की बोलणारा कायम तिच्या उजव्या हाताला येईल.

एका मंगळवारी सकाळी एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई. वडील अठ्ठ्याहत्तरचे, ताठ, पांढऱ्या शर्टाची कॉलर कडक. फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन खडू धरावा तसं तीन बोटांच्या टोकांत धरलं, आणि ताईनं त्यांना ओळखलं. नाव वाचायची गरजच उरली नाही. गणिताचे सर.

सहावीच्या वर्गात ती आणि गोटी एका बाकावर बसायच्या. दोघींच्या दोन दोन वेण्या, एकसारख्या रिबिनी. गोटीचं तोंड कधी मिटायचं नाही. त्या दिवशी सर फळ्याकडे तोंड करून उदाहरण सोडवत होते आणि गोटी काहीतरी कुजबुजून स्वतःच खिदळली. सर वळले, तरातरा आले आणि त्यांनी हात उगारला. गोटी चपळ, ती खाली वाकली. पंजा शेजारी बसलेल्या ताईच्या डाव्या कानावर पडला. आत शिट्टी वाजली आणि ती वाजतच राहिली. घरी तिनं पडले म्हणून सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर आईनं आधी विचारलं असतं, तू काय केलं होतंस? पडदा फाटला होता. कान वाहायला लागला, ताप चढला, शेवटी कानामागून कापून ऑपरेशन करावं लागलं. जीव वाचला, कान गेला. त्याच वर्षी वडिलांची बदली झाली आणि ते सगळे दुसऱ्या गावी गेले. सरांना कोणी जाब विचारला नाही.

ताईचं घर ख्रिस्ती. लहानपणापासून तिच्या कानावर, म्हणजे उरलेल्या कानावर, एकच शिकवण पडत आली होती. जे आपल्याला छळतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. वैऱ्यावर प्रेम करा. किती वेळा माफ करायचं त्याचा हिशेब ठेवू नका. हे तिनं मनापासून घेतलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी एका प्रार्थनासभेत ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिनं सांगितलं की, माझा कान घेणाऱ्या माणसाला मी आज येशूच्या नावानं माफ केलं. बायका रडल्या. एक म्हातारी तिला मिठीत घेऊन कितीतरी वेळ सोडेना. त्यानंतर दुसऱ्या चर्चच्या मंडळींकडूनही तिला ही साक्ष द्यायला बोलावणी येत. तिनं ती इतक्या वेळा दिली होती की कुठल्या वाक्याला लोक डोळे पुसतात हेही तिला ठाऊक झालं होतं.

आणि आता तो माणूस समोर बसला होता, तिला ओळखत नव्हता, आणि तिला त्याचा भयंकर राग आला होता.

तिनं काम केलं. सरांना आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. काचेपलीकडून तिला दिसलं की सर आवाज नसतानाही बटण दाबतायत. उत्तर येत नसलेला मुलगा अंदाजानं हात वर करतो तसं. तिला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. मग कानाचा साचा घ्यायचा होता. दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सारायचा, दोन रंगांचा लगदा मळायचा, पिचकारीनं कानात भरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. त्यासाठी कानाची पाळी धरून वर ओढावी लागते. तिनं ती धरली. सर म्हणाले, "हात फार हलका आहे हो तुमचा."

तिच्या मनात आलं, तुमचा नव्हता.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात कामाला, शब्द जपून वापरणारा. त्यानं ऐकून घेतलं आणि त्यांना दुसऱ्या सेंटरला पाठव म्हणून सुचवलं. ती म्हणाली, कशाला पाठवू, मी तर त्यांना माफ केलंय.

"मग रडतेस का?" त्यानं विचारलं.

आपण रडतोय हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेब बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत होते. ती त्यांना मदत करता करता बोलली. पाळकसाहेबांनी तेच सांगितलं जे ती स्वतः इतरांना सांगत आली होती. माफी ही भावना नव्हे, तो निर्णय असतो. ती म्हणाली, निर्णय तर मी पंचवीस वर्षांपूर्वी घेतला, मग आता हे काय उसळून आलं? ते म्हणाले, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, त्यांचं काहीतरी भलं करा, मन मागाहून येईल. ती म्हणाली, भलं तर मी करतेच आहे, ते माझं कामच आहे, त्यात माझं काय? आणि ज्याला आपण काही केलंय हेच ठाऊक नाही, त्याला माफ करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पाळकसाहेबांनी पुस्तकांचा गठ्ठा बाकावर ठेवला. "ताई, खरं सांगू? मला माझ्या धाकट्या भावाचं अजून जमलेलं नाही. त्यामुळे या विषयावर मी फार मोठ्यानं बोलत नाही."

ती घरी आली ती होती त्याहून जास्त गोंधळून. पण प्रार्थना तिनं सुरू केली. रोज सरांचं नाव घ्यायची आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून तिथंच थांबायची.

यंत्रं तयार होऊन आली. दोन्ही कानांत बसवून तिनं ती सुरू केली तेव्हा सरांची मुलगी सहज म्हणाली, "बाबा, बरं वाटतंय का?" सरांनी दचकून मान वळवली. "तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय," ते म्हणाले. "कधीपासून?" मुलगी तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. ताईलाही गलबलून आलं. अशा वेळी तिला नेहमीच गलबलून यायचं. या माणसाच्या बाबतीतही यावं याचं तिला नवल वाटलं.

ती संगणकावर आवाज कमीजास्त करत होती आणि सर बोलत होते. ऐकू यायला लागलं की माणसं बोलत सुटतात. आपण शिक्षक होतो, कडक होतो, हे त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कानाचंच काम करता म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्या हातून एका मुलीचा कान गेला होता. वर्गात मारलं मी. खूप नंतर कोणाकडून तरी कळलं की त्या बाकावरच्या पोरीला ऐकू येईनासं झालं."

ताईची बोटं थांबली.

"फार वर्षं ते मनात सलत होतं," सर म्हणाले. "शेवटी तिला शोधून काढलं. कपडे धुण्याचं दुकान आहे तिचं. गेलो, हात जोडले. तिनं एका शब्दात माफ केलं हो मला. पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून शांत झोपतो. गोटी म्हणायचे तिला वर्गात."

ताईनं विचारलं, कोण म्हणालात? तिला ऐकू आलं नाही असं वाटून सरांनी नाव मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती सरांनी सांगितलेल्या पत्त्यावर, गोटीच्या दुकानात गेली. एक जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली बाई काउंटरमागे कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. ताईनं नुसतं "गोटे" म्हटलं आणि त्या बाईनं चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. मग काउंटरची फळी उचलून ती बाहेरच आली. एक्केचाळीस वर्षांचं बोलणं उभ्या उभ्या झालं. नंतर ताईनं सरांचा विषय काढला.

"आले होते ना म्हातारबा," गोटी म्हणाली. "दुकानात चार गिऱ्हाइकं, आणि हे हात जोडून उभे. म्हणे, माझ्या हातून तुझ्यावर अन्याय झाला. मला वाटलं, गणितात दोनदा नापास केलं त्याचं बोलतायत. म्हटलं, चला, उशिरा का होईना, कबूल केलं."

"कानाचं काही बोलले नाहीत?"

"बोलले असतील. मागे इस्त्रीची वाफ सुटत होती, अर्धं मला ऐकूच आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या. मी म्हटलं, माफ केलं सर, जा आता घरी."

ताईनं तिला सगळं सांगितलं. गोटीला ती थप्पड आठवत होती. पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. ती टाचणीचा डबा हातात घेऊन गप्प बसली. गोटी गप्प बसलेली ताईनं पहिल्यांदाच पाहिली. मग ती म्हणाली, "अगं, पण बोलत तर मी होते. मी वाकले. ती माझी थप्पड होती. मला माफ कर."

"वेडी आहेस का? तुला काय माफ करायचंय?" ताई म्हणाली, आणि ते इतकं सहज, आतून निघालं की ती स्वतःच चपापली. गोटीच्या बाबतीत काही जोर लावावा लागला नाही. मग सरांच्याच बाबतीत का? मारलं त्यांनी म्हणून? की पंधरा वर्षं ते शांत झोपले म्हणून?

गोटीचं म्हणणं पडलं, राहू दे. म्हातारा माणूस, झोपतोय तर झोपू दे. माफी मिळाली म्हणजे मिळाली, कोणाच्या हातून का असेना. ताई परत येताना बसमध्ये याच गोष्टीवर विचार करत होती. खरं सांगणं हे कर्तव्य आहे की सूड? न सांगणं ही दया की भेकडपणा? एकदा वाटे, माझी माफी दुसरीनंच देऊन टाकली, आता माझ्याकडे द्यायला काही उरलंच नाही. एकदा वाटे, छे, माझी तर अजून तशीच पडून आहे. तिनं प्रार्थना केली. उत्तर आलं नाही, किंवा आलं असेल तर तिला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी सर पुन्हा तपासणीला आले. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. ताईनं सांगायचं असं ठरवलं नव्हतं. न सांगायचंही ठरवलं नव्हतं. तिनं साफ केलेली यंत्रं त्यांच्या कानांत परत बसवली आणि तिच्या तोंडून निघून गेलं. "सर, गोटीचे दोन्ही कान शाबूत आहेत. तिच्या शेजारी मी बसायचे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डाव्या बाजूचे केस मागे घेतले आणि कानामागची पांढरी रेघ त्यांना दाखवली. ते बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. ताईला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. हलकं वाटलं नाही. आपण एखाद्याच्या घरात शिरून काहीतरी उचलून आणलंय असं वाटलं. तेवढ्यात मुलगी आली. सर उठले, "येतो" म्हणाले आणि गेले.

दहा दिवसांनी मुलीचा फोन आला. बाबांनी यंत्रं डबीत घालून कपाटात ठेवली आहेत, घाला म्हटलं की मान हलवतात, जेवणही कमी झालंय. मग तिनं सरळ विचारलं, तुम्ही त्यांना काही बोललात का? ताई हो म्हणाली आणि पत्ता मागून घेतला.

पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मुलीनं दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर नाराजी होती, पण ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. सर खिडकीजवळ बसले होते. ताई जवळच्या खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली, तर त्यांना काही ऐकूच येईना. ती मोठ्यानं बोलली. त्यांनी कानामागे हात धरला. ती आणखी मोठ्यानं बोलली, आणि तिच्या लक्षात आलं की असल्या गोष्टी ओरडून बोलताच येत नाहीत. शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा कोणीतरी बारीक केला होता.

"यंत्रं कुठायत?" तिनं ओरडून विचारलं.

"नकोत," सर म्हणाले. "हे असं आहे तेच बरोबर आहे."

तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, कपाट उघडलं, डबी काढली. म्हणजे माझा कान गेला त्याची शिक्षा म्हणून तुम्ही तुमचे बंद करणार, आणि ते ओझं पुन्हा माझ्याच डोक्यावर, असं काहीतरी ती बडबडली. त्यांना ते ऐकू आलं नाहीच. तिनं त्यांच्या कानाची पाळी धरून वर ओढली आणि एक यंत्र बसवलं, मग दुसरं. सरांनी लहान मुलासारखी मान पुढे करून दिली. तिचे हात नेहमीसारखेच हलके चालले. तिला ते जड करता येत नव्हते.

यंत्रं सुरू झाली. आता हळू बोलता येणार होतं, आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना.

"माफी मागायला मी तुझ्याकडे यायला हवं होतं," सर शेवटी म्हणाले. ते आता तिला अगंतुगं करत होते. "दहा दिवस तुझा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय. आठवतच नाही. मला तू आठवतच नाहीस, पोरी. हे मारण्यापेक्षा वाईट आहे का?"

तिनं विचार केला. "हो," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "माफ केलंस का मला?"

हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून तिनं आयुष्यभर उत्तर तयार ठेवलं होतं. ते पाठ होतं. "पंचवीस वर्षांपूर्वी केलं होतं," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर. आता ते खरं होतं का, मला माहीत नाही. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करायला बसते आणि नावापुढं जाताच येत नाही."

"मग इथं का आलीस?"

"तेही माहीत नाही, सर. तुम्ही यंत्रं काढून ठेवलीत ते मला सहन झालं नाही, एवढं कळतंय."

मुलगी चहा ठेवून गेली. दोघं तो न पिता बसून राहिले. थोड्या वेळानं सरांनी मान तिरकी केली. "पाणी ठिबकतंय का कुठे?"

तिलाही तो आवाज येत होता. टप, टप. "ठिबकतंय," ती म्हणाली. "पण कुठे ते मला सांगता यायचं नाही. एकाच कानानं आवाज कळतो, दिशा कळत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांत हे असं असतं ते त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांनी विचारलं, रस्ता ओलांडताना काय करतेस? तिनं सांगितलं, दोनदा सगळीकडे बघते. कोणी मागून हाक मारली तर? तर गर्रकन पूर्ण फिरते, लोक हसतात. वर्गात, नव्या शाळेत? ती म्हणाली, पहिल्या बाकावर, डाव्या भिंतीला लागून बसायचे. ते एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. हे सगळं आजवर तिला कोणीच विचारलं नव्हतं. साक्ष ऐकून रडणाऱ्या बायकांनीही नाही.

मग सर खुर्चीच्या दांड्याला धरून उठले, आत गेले, आणि ठिबकणं थांबलं. ओला हात शर्टाला पुसत ते परत आले. मघाशी ते तिच्या डाव्या अंगाला बसले होते. आता त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, धापा टाकत तिच्यासमोरून नेली आणि उजव्या बाजूला ठेवून बसले.

ताईला काहीतरी वाटून गेलं. ते प्रेम होतं, कीव होती, की शेवटी आलेला थकवा, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही ठरवता आलं नाही. सर पुढे यंत्रं वापरू लागले, दर तीन महिन्यांनी साफ करायला येऊ लागले. कधी यादीत त्यांचं नाव बघून तिला बरं वाटायचं, कधी सकाळच नासायची. त्या दिवशी मात्र तिनं गार झालेला चहा उचलला, आणि सरांनीही आपला उचलला. मशीनमध्ये आपलाच घोट गिळल्याचा आवाज फार मोठा येतो अशी त्यांनी तक्रार केली. होईल सवय, असं ती म्हणाली.